न वाजलेली शिट्टी

दत्तोबाला झपाटलंय असं गावात कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. परवा पारावर एका शहाण्यानं मला तोंडावर विचारलं, "काय कंडक्टर, तुमचा दोस्त अजून मेंढीच्या पोटाला कान लावूनच झोपतोय का?" मी म्हटलं, "झोपतोय. आणि तू घोरतोस ते सगळ्या आळीला ऐकू येतं, त्याचं काय करायचं ते आधी सांग." बाकीचे हसले. पण खरं सांगायचं तर दत्तोबाला तसा झोपलेला बघून माझ्याही अंगावर काटा येतो. म्हणून काय झालं ते एकदा नीट सांगून टाकतो. पुन्हा कुणी विचारू नये.

मी सर्जेराव. बारामती डेपोला कंडक्टर. लोणी भापकरला माझं आणि दत्तोबाचं घर शेजारी, मधे एक बोरीचं झाड आणि कुडाची भिंत. त्याचा बाप मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की कळप कोकणात उतरायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचा. म्हणजे आमची दोस्ती निम्म्या वर्षाची, पण पक्की. मी शाळेत सातवीपर्यंत रेटलो, तो मेंढरांमागं गेला. मला पाढे यायचे, त्याला ऐकू यायचं.

हसू नका, दत्तोबाचा कान म्हणजे खरंच काहीतरी वेगळं प्रकरण होतं. मेंढवाड्यात चार-पाच मेंढ्यांच्या गळ्यात घाटी, म्हणजे छोटी घंटा, बांधलेली असते. मेंढरू निवांत बसून रवंथ करायला लागलं की घाटी हळूहळू हलत राहते. तो आवाज चालू असेपर्यंत धनगर गाढ झोपतो. लांडगा जवळपास आला की मेंढरं रवंथ थांबवून माना ताठ करतात आणि घाट्या एकदम मुक्या होतात. आपण आवाज झाला की जागे होतो, दत्तोबा आवाज थांबला की उठायचा. हातात काठी घेऊनच उठायचा.

ह्याच कानानं त्याला एकदा दगा दिला. लग्नानंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळप घाटाखाली होता. त्याची लेक साखरू दोन वर्षांची होती आणि तिच्या छातीत कफ भरला होता. दत्तोबा आणि त्याची बायको ठमाबाई यांच्या मधे पोर घोंगडीत निजली होती. रात्रभर घाट्या वाजत होत्या आणि रात्रभर हा झोपला. सकाळी पोर गार होती. ही गोष्ट तो मला दर वर्षी एकदा तरी सांगायचा, आणि शेवट ठरलेला असायचा, "घाट्या वाजत हुत्या रं सर्जेराव. मला वाटलं समदं ठीक हाय."

पुढं त्यांना मूल झालं नाही. त्यानंतर घरात कुणी आजारी पडलं की दत्तोबा झोपायचा नाही. बापाच्या आजारपणात झोपला नाही, आईच्या आजारपणात झोपला नाही. दोघंही त्याच्यासमोर, त्याच्या हातात हात असताना गेली. त्याला त्यातच समाधान वाटायचं. "म्या बघितलं," म्हणायचा. "एकटी न्हाय गेली."

चराई कमी झाली, जिकडं तिकडं ऊस झाला, तसा त्यानं कळप विकला. घरापुरत्या चार मेंढ्या ठेवल्या आणि नवरा-बायको इंदापूरकडं एका गुऱ्हाळावर कामाला लागली. दत्तोबा ऊस वाहायचा. ठमावहिनी चुलवणापुढं बसायच्या आणि वाळलेली चिपाडं आत ढकलत राहायच्या, म्हणजे वर काहिलीत रस उकळत राहतो. गुळाचा वास गोड असतो, पण चुलवणापुढं बसणाऱ्याच्या वाट्याला धूर येतो. किती हंगाम बसल्या कोण जाणे. शेवटी बाईच्या छातीचंच चुलवण झालं. आधी खोकला, मग धाप, मग दोन पावलं टाकली की बसायला लागायचं. बारामतीच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, फुफ्फुसं निकामी होत आलीत, आता धुरापासून लांब ठेवा आणि ही औषधं चालू ठेवा. लांब ठेवा म्हणे. घरातली चूल काय विजेवर चालत होती?

पण बाई मोठी गमतीची. अंगात दम नसला तरी तोंडात होता. मला हाताला चाळा लागतो, म्हणून घरी आलो तरी तिकिटाला भोक पाडायचा पंच माझ्या बोटात असतो आणि मी तो टकटक वाजवत असतो. त्या आतून म्हणायच्या, "आले बघा भाऊजी. आदी त्येंचा चिमटा येतो, मागनं ते येत्यात. यस्टी मातुर दोघांच्या बी मागनं." एवढं बोलायला त्यांना मधे दोनदा श्वास घ्यावा लागायचा, पण बोलणं पुरं करायच्या.

त्यांना आडवं झोपता यायचं नाही. घोंगड्यांची चवड लावून तिला टेकून बसायच्या. आणि दत्तोबा शेजारी. रोज. श्वास आत गेला की हा ऐकायचा, बाहेर आला की ऐकायचा. दिवसा कामं करायचा आणि उभ्या-उभ्या डुलक्या घ्यायचा. डोळे खोल गेले, हात कापायला लागले. वहिनी चिडायच्या, "आदी मी मरती का तुमी, येकदा ठरवून घ्या. म्हंजी मला कळंल लुगडं कंचं नेसायचं."

माझा मेहुणा गेणू पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात मशिनं दुरुस्त करायला होता. दिवाळीला आला तेव्हा त्याला मी हे सांगितलं. पुढच्या खेपेला तो एक पेटी घेऊन आला. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. कमी दिवसांच्या बाळांना लावतात म्हणे. पोटावर एक रबरी बटण येतं, त्यावरून पट्टा, पट्ट्यालाच पेटी. पोट हललं की पेटी टिक करते. बराच वेळ हललं नाही तर शिट्टी मारते. दवाखान्यानं मोडीत काढलेली, ह्यानं दुरुस्त केली आणि मोठ्या माणसाला पुरेल असा लांब पट्टा शिवून आणला.

"ह्यानं दम कमी हुईल?" दत्तोबानं विचारलं.

"न्हाय दाजी, हे औषध न्हाय. हा निस्ता कान हाय. तुमी झोपलात तरी हा जागा ऱ्हाईल."

गेणूनं वहिनींना पेटी चालू-बंद करायला शिकवलं, पट्टा बांधला आणि पेटी वाजायला लागली. टिक. टिक. भरभर वाजत होती, वहिनींचा श्वासच तसा होता. दत्तोबा डोळे मिटून ऐकत बसला. मग म्हणाला, "ही तर घाटीच हाय की रं." आणि तिथंच भिंतीला टेकून झोपला. किती महिन्यांनी झोपला असेल. ठमावहिनी त्याच्याकडं बघत होत्या आणि हसत होत्या. मला म्हणाल्या, "बगा, मला मेंढी केलं ह्यांनी."

चार-आठ दिवस बरे गेले. मग पेटीनं आपले गुण दाखवले. वहिनींना खोकल्याची उबळ आली की पट्टा सरकायचा. पट्टा सरकला की पेटीला पोट सापडायचं नाही आणि ती शिट्टी मारायची. वहिनी चांगल्या जिवंत, खोकत असायच्या, आणि हा झोपेतून उठून धावायचा. एकदा दाराच्या चौकटीवर कपाळ फोडून घेतलं. शेवटी पेटीवर त्याचा भरवसा राहिला नाही. तो पुन्हा जागायला लागला. आता बायकोकडंही लक्ष आणि पेटीकडंही लक्ष. मी गेणूला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या, त्या गरिबाचा काही दोष नसताना.

त्या चैत्रात दत्तोबा विहिरीवर पाणी शेंदताना झोपला. चक्क झोपला. पुढं झुकलेला बघून माझ्या बायकोनं, विजयमालानं, त्याचं धोतर धरून मागं ओढला, नाहीतर गेलाच होता. त्या संध्याकाळी वहिनींच्या देखत मी त्याला झापला. "अरे माणूस हायस का कोण? थोडा येळ झोपत जा. मी बसतो, विजू बसंल."

तो म्हणाला, "आन् मी झोपल्यावर ती गेली तर?"

"जायची न्हाय."

"येकदा झालंय सर्जेराव. पुन्यांदा व्हायचं न्हाय. मी जागा असल्याबिगर हितनं कोण जायचं न्हाय."

ठमावहिनी नुसत्या त्याच्या कापणाऱ्या हातांकडं बघत होत्या.

दोन दिवसांनी मी पहाटेची पाळी करून दुपारी घरी आलो. उन्हानं सगळं गाव आत गेलं होतं. वहिनींसाठी एक कलिंगड आणलं होतं, ते घेऊन त्यांच्याकडं गेलो. दत्तोबा ओट्यावर घोंगडीवर झोपला होता. हात पसरलेले, तोंड उघडं, लहान पोरासारखा. मी दबकत ओट्याच्या कडेला बसलो. पेटी वाजत होती. सावकाश, एका लयीत. मला बरं वाटलं. म्हटलं, आज वहिनींचा दम खाली बसलेला दिसतोय, औषध लागू पडलं. मी तंबाखू मळली, दाढेखाली धरली आणि ऐकत राहिलो.

थोड्या वेळानं मला काहीतरी खटकलं. वहिनींची खोली माझ्या डाव्या हाताला होती. आवाज उजवीकडून येत होता.

उजवीकडं बोरीखाली ढवळी बसली होती. ढवळी म्हणजे ठमावहिनींनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली मेंढी, आई जन्मतःच मेली होती म्हणून. सावलीत पाय दुमडून ती रवंथ करत होती. तिच्या पोटावर पट्टा होता. पट्टा पुरला नव्हता म्हणून त्याला लोकरीची दोरी जोडून गाठ मारली होती. बटणापुरती लोकर कातरीनं साफ कातरली होती. मेंढीचं पोट वर-खाली होत होतं आणि पेटी टिक, टिक करत होती.

मी डावीकडच्या खोलीत गेलो. ठमावहिनी घोंगड्यांच्या चवडीला टेकून बसल्या होत्या. मान एका बाजूला. मांडीशी कातर, भुईवर पांढऱ्या लोकरीची बोंडं. पदराचा बोळा करून दातात धरलेला होता, खोकल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. हात लावला. गार नव्हत्या अजून, पण गेल्या होत्या.

त्यांना उबळ येतेय हे कळलं असणार. पट्टा सरकणार, शिट्टी वाजणार आणि तो पुन्हा धडपडत उठणार. म्हणून त्यांनी ढवळीला जवळ बोलावलं, पट्टा तिला बांधला आणि बाहेर जाऊ दिलं. त्यांना मरायचंच होतं असं मला वाटत नाही. त्याला एक दुपार झोपू द्यायची होती. आता ह्यात शहाणपणा किती आणि खुळेपणा किती, ते मला विचारू नका. मला त्या बाईचा राग आला होता आणि रडूही आलं होतं.

मी बाहेर आलो. दत्तोबाला उठवायला खाली वाकलो आणि माझा हातच पुढं जाईना. एवढं मोल देऊन त्याला ती झोप मिळाली होती. मी कोण मोडणार? तसाच बसून राहिलो. विजयमाला आली, तिला खुणेनं सांगितलं. बायका अशा वेळी हंबरडा फोडतात, पण तिनं ओठ दाबून धरले, आत गेली आणि वहिनींच्या तोंडातला पदर सोडवून शेजारी बसली. दत्तोबा झोपलेलाच. ऊन ओट्यावरून उतरलं. ढवळी बसूनच होती.

त्याला आपोआप जाग आली. उठून बसला, डोळे चोळले, माझ्याकडं बघून हसला. "लई झोपलो रं," म्हणाला. "कशी वाजतीया बग. सावकाश. आज बरं वाटतंय जनू तिला."

मी कलिंगड त्याच्या हातात दिलं. का दिलं देव जाणे. तो ते घेऊन आत गेला.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला आणि सरळ बोरीखाली गेला. गाठ बघितली, बोटानं चाचपली. "तिचीच हाय गाठ," म्हणाला. कातरलेल्या जागेवरून हात फिरवला. मी पट्टा सोडवायला पुढं झालो तर त्यानं माझं मनगट धरलं.

"शिट्टी झाली का रं?"

"न्हाय."

"तू कवापासनं हाईस?"

"लई येळ झाला."

"आन् शिट्टी झाली न्हाय."

"न्हाय दत्तू."

"मग असू दे," तो म्हणाला.

दिवस झाले, सुतक फिटलं, पण पट्टा मेंढीवरच राहिला. दत्तोबा बोरीखाली झोपायला लागला, पेटीवर कान ठेवून. लोक यायला लागले, बघायला लागले. कुणी म्हणालं बाई मेंढीत शिरली, कुणी म्हणालं बिरोबाला कौल लावा. मी एकदा न राहवून बोललो, "दत्तू, अरे ती मेंढी हाय."

"ठावं हाय मला. मी खुळा न्हाय." तो शांतपणे बोलत होता. "आई गेली तवा म्या बघितलं. बा गेला तवा बघितलं. ही कवा गेली सांग. उनात गेली का ऊन उतरल्यावर? तू आल्यावर का तुज्या आदी? म्हायती न्हाय. पेटीला ठेवलं हुतं सांगायला, पेटीनं बी सांगितलं न्हाय. मग मी कंच्या घटकंला ती गेली म्हणू?"



मग त्यानं मला दुसरं विचारलं. "मी झोपलेला. आवाज थांबला की मला जाग येती, हुय का न्हाय? मग तिच्या पोटावरनं पट्टा काढला, मेंढीला बांधला, तवर पेटी बंदच असंल ना? मला जाग कशी आली न्हाय?"

"तू दमलेला हुतास."

"न्हाय. तिनं जिभंनं वाजवली." त्यानं टाळूला जीभ लावून वाजवून दाखवलं, मेंढरांना बोलावताना धनगर वाजवतात तसं. टिक. "ढवळी बी ह्याच आवाजावर तिच्याकडं येती. दम न्हवता तिला, पर गाठ बसंस्तवर वाजवत ऱ्हायली असंल."

तेव्हापासून पेटीचे सेल बदलायची वेळ आली की आमचा एक रिवाज झाला आहे. सेल मी बारामतीहून आणतो. ढवळीला विजयमाला धरते, झाकण मी उघडतो. सेल बाहेर काढले की पेटी मुकी होते. तेवढा वेळ दत्तोबा जिभेनं टिक, टिक करत राहतो. नवे सेल बसले, पेटी बोलायला लागली की मगच थांबतो. मला ह्याचा संताप यायचा. दर वेळी ठरवायचो, आता सेल आणायचे नाहीत. आणि दर वेळी बाजारात उतरलो की पाय दुकानाकडं वळायचे.

ढवळी आता म्हातारी झाली आहे, दात पडलेत. एक दिवस ती जाईल आणि शिट्टी वाजेल. त्या दिवशी दत्तोबा काय करील ह्याचा विचार मी करत नाही.

गेल्या महिन्यात सेल बदलायला बसलो. जुने काढले, नवे घातले, पण पेटी बोलेना. आतल्या पत्र्याला गंज चढला होता. विजयमाला घासायला काहीतरी आणते म्हणून घरात गेली आणि तिला लवकर काही सापडेना. दत्तोबा वाजवत होता. त्याचंही वय झालं, तोंडाला कोरड पडली. एक टिक झाली, मग लांबली, मग पुढची नुसती हवेसारखी आली. त्यानं थुंकी गिळून पुन्हा प्रयत्न केला. जीभ वाजेना. त्यानं माझ्याकडं बघितलं. घाटाखालच्या त्या सकाळी पोरीला हात लावल्यावर तो असाच दिसला असेल.

माझ्या खाकी शर्टाच्या खिशात पंच होता. मी तो काढला आणि वाजवायला लागलो. टिक. टिक. वहिनींच्या पेटीसारखा, भरभर. दत्तोबानं डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाला, "जरा सावकाश. तिला बरं वाटतंय आता." मी सावकाश वाजवायला लागलो.

विजयमालानं काडेपेटीच्या कडेनं पत्रा घासून दिला आणि पेटी चालू झाली. मी आणखी थोडा वेळ वाजवत राहिलो.